ड्रॅगन बॉल झी: मूळ संगीत की अमेरिकी?

भाच्याला ‘ड्रॅगन बॉल झी’ ही जपानी अॅनिमेशन मालिका इंग्रजी डबमध्येच बघायची आहे, पण संगीत कोणतं ठेवावं यावर तो अडलाय. डब करणाऱ्या फ्युनिमेशन या अमेरिकी कंपनीच्या २००७ पासून निघालेल्या डीव्हीडी संचांत इंग्रजी संवादांसोबत मूळ जपानी आणि अमेरिकी, दोन्ही संगीतांचे पर्याय आहेत.

सर्वांत मोठा फरक शांततेचा. मूळ संगीतकार शुनसुके किकुचींचा वाद्यवृंद ब्रासने (पितळी वाद्यांनी) भरलेला, पण वापर जपून. वार करण्याआधी दोघं लढवय्ये नुसते एकमेकांकडे बघत उभे असतात आणि ऐकू येतो फक्त वारा. अमेरिकी संगीत देणारे ब्रूस फॉल्कनर यांच्या आवृत्तीत तिथंही सिंथेसायझर वाजत राहतो. मला हे फार खटकतं. ताण तिथंच सैल पडतो.

पात्रांच्या धुनांत मात्र फॉल्कनर सरस. व्हेजिटा, ट्रंक्स यांच्या धुना डोक्यातून जात नाहीत. किकुचींचे तुकडे पुन्हापुन्हा येतात, हेही खरं.

सलगपणा किकुचींकडे: आधीच्या ‘ड्रॅगन बॉल’ मालिकेचं संगीतही त्यांचंच. फॉल्कनर सुरुवातीच्या भागांना नाहीतच.

पहिल्यांदाच बघणाऱ्याने, म्हणजे भाच्याने, मूळ संगीत लावावं. लहानपणी अमेरिकी डबवर वाढलेल्यांनी, किंवा ज्यांना फक्त हाणामारीचा जोश हवाय त्यांनी, फॉल्कनर.