डेफब्लाइंड मुलांची शाळा: वर्षभरानंतरचा अनुभव (एक आई)

लेकाला गेल्या जूनमध्ये मुंबईतल्या एका अंधशाळेत घातलं, तिथं डेफब्लाइंड, म्हणजे दिसणं आणि ऐकणं दोन्ही कमी असलेल्या मुलांचं वेगळं युनिट आहे. आता वर्ष होत आलं म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत असं कुणी लिहिलेलं मिळालंच नाही. शाळेचं नाव टाकत नाहीये, खाली तक्रारीपण आहेत आणि तिथल्या टीचर लोकांना त्याचा त्रास व्हायला नको.

आधी थोडी माहिती. मला गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रुबेला झाला, बारीक ताप, अंगावर पुरळ, दोन-तीन दिवसांत बरं पण वाटलं. त्यातून बाळाला जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयाचा प्रॉब्लेम आणि दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तान्हा असतानाच झालं, जाड चष्मा आहे, जवळचं आणि ठळक रंगाचं दिसतं. कानाची मशीन लावली की ढोल, हॉर्न असे मोठे आवाज कळतात. डेफब्लाइंड म्हटलं की लोकांना वाटतं पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता, पण बहुतेक मुलांचं तसं नसतं, थोडंफार काहीतरी उरलेलं असतं आणि शाळा त्या उरलेल्यावर आणि स्पर्शावर काम करते.

याआधी एका अंधशाळेनं सांगितलं ऐकू येत नाही तर आम्ही शिकवणार कसं, आणि कर्णबधिर शाळेनं सांगितलं आमच्याकडे सगळं बघून शिकायचं असतं. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट 1977 पासून नेमकं हेच काम करतंय, अहमदाबादची सेन्स इंडिया 1997 पासून, तरी आम्हाला एवढ्या डॉक्टरांपैकी एकानंही हे सांगितलं नाही, शेवटी कळलं ते कानाची मशीन देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडून. याचा मला अजून राग आहे, कारण या मुलांची पहिली वर्षंच सगळ्यात महत्त्वाची असतात.

आता शाळेबद्दल. सुरुवातीला कित्येक दिवस एकच टीचर त्याच्यासोबत, वह्या नाहीत, पाटी नाही, काही नाही. टीचरच्या हातात एक लाकडी कडं असतं, रोज सकाळी त्या त्याचा हात त्या कड्यावर नेतात, म्हणजे मी आले. युनिटमधल्या प्रत्येकाची अशी एक खूण ठरलेली आहे. आणि त्या त्याचा हात पकडून कधीच ओढत नाहीत, आपला हात त्याच्या हाताखाली घालतात आणि मग वस्तूकडे नेतात, त्याला नको असेल तर तो हात काढून घेऊ शकतो. ऐकायला साधं वाटतं, पण याच मुलाला पूर्वी कुठंही न्यायचं म्हटलं की तो स्वतःच्या मनगटाला चावायचा, कारण कुणीतरी न सांगता उचलतंय आणि पुढं अंगावर पाणी पडणार की डॉक्टरची सुई टोचणार हे त्याला कळायचा मार्गच नव्हता.

त्यासाठी त्यांच्याकडे खणांची एक पेटी असते, कॅलेंडर बॉक्स. डावीकडून उजवीकडे दिवसाचा क्रम. चमचा म्हणजे जेवण, टॉवेलचा तुकडा म्हणजे हात-तोंड धुणं, व्हॅनच्या पट्ट्यासारखं बक्कल म्हणजे घरी जायचं. वस्तू हातात घ्यायची, ते काम करायचं, मग ती शेवटच्या 'संपलं'च्या डब्यात टाकायची. शाळेनं तसलीच पेटी घरी करायला लावली. दिवाळीच्या आधीची गोष्ट, रविवार होता, मी ओट्यापाशी कणीक मळत होते आणि हा भिंतीला हात लावत लावत आला आणि पेटीतला चमचा माझ्या हातात दिला. जेवायची वेळ झाली नव्हती. पण त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, मी तसेच पिठाचे हात धुतले आणि लगेच भात वाढला.

ताटाचंही शाळेनंच सांगितलं. त्याला नेमकं काय, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात दिसतं याची त्यांनी नीट तपासणी केली, मग म्हणाल्या स्टीलच्या ताटाला चमक येते, त्यात पांढरा भात त्याला दिसतच नाही, गडद निळी प्लेट घ्या. घेतली. आता वरण-भात स्वतः खातो, सांडतो खूप पण खातो. सासूबाईंची खूण म्हणजे त्यांची तुळशीची माळ, त्या जवळ आल्या की आधी माळ त्याच्या हातात देतात, हे त्यांनी कुणी न सांगता सुरू केलं.

नातेवाईक विचारतात ब्रेल कधी. त्याच इमारतीत अंध मुलं ब्रेलर (ब्रेल टाइप करायचं मशीन) चालवतात, हा त्या टेबलावर तळवा टेकवून थरथर घेत बसतो आणि हसतो. टीचर म्हणतात बोटं तयार होऊदेत, सध्या मणी ओवणं, खुंट्या लावणं. आम्हाला घाई नाही.

आता तक्रारी. पहिली मोठी: दिवाळीनंतर त्याची टीचर सोडून गेली, नवीन टीचर सोमवारी थेट वर्गात. ना ते कडं, ना ओळख. त्यानं शाळेत डबा खाणंच सोडलं, मनगट परत लाल. अशा मुलांच्या बाबतीत दोन टीचर काही दिवस एकत्र हव्यातच, हे शाळेलाच आधी सुचायला हवं होतं. आम्ही मुख्याध्यापिकांशी बोललो, आता रोज एक तास दुसरी टीचर घेते म्हणजे एकीवर सगळं अवलंबून राहत नाही. पगार कमी म्हणून माणसं टिकत नाहीत हे समजतं, पण भोगतं मूल. दुसरी तक्रार व्हॅन, आमच्या बाजूला येत नाही, त्यामुळे मी लोकलच्या दिव्यांग डब्यातून नेते आणि त्या डब्यात धडधाकट माणसं बसलेली असतात. तिसरी, मे महिन्याची सुट्टी फार लांब आहे आणि त्यात घरी काय करायचं याचा कागद आम्ही मागितल्यावर मिळाला.

कागदपत्रांत मात्र शाळेची खूप मदत झाली. सरकारी हॉस्पिटलात डोळ्यांचं वेगळं आणि कानाचं वेगळं सर्टिफिकेट घ्या म्हणत होते, शाळेच्या सोशल वर्करनं सांगितलं की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डेफब्लाइंडनेस बहुदिव्यांगत्वात येतं, एकत्रच मागा. त्यावर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झालं आणि निरामय या सरकारी योजनेचा 1 लाखापर्यंतचा हेल्थ इन्शुरन्सपण.

कुणी अशी शाळा बघायला जाणार असेल तर जेवणाच्या सुट्टीत जा. मुलांना भरवतायत की मुलाच्या हाताखाली हात घालून खायला शिकवतायत ते बघा, आणि टीचर किती वर्षं टिकतात ते तिथल्या मावशींना विचारा, ऑफिसात नको. बेरा रिपोर्ट आणि ऑडिओग्राम (दोन्ही ऐकण्याच्या तपासण्यांचे कागद) आणि डोळ्यांचे सगळे पेपर झेरॉक्ससकट सोबत ठेवा, पहिल्याच दिवशी मागतात.