विमानाची पारख: वैमानिकाचा आकडा की ईसीजी?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर आडव्या वाऱ्यात विमान उतरवायचंय, असं धरा. 1969च्या कूपर-हार्पर मापनात, विमान हाताळायला किती सोपं की अवघड यासाठी वैमानिक 1 ते 10 मधला आकडा देतो; 1 ते 3 समाधानकारक, 10 म्हणजे ताबाच सुटणार. आमचा पहिला कौल यालाच. पण कसलेला गडी विमानाची खोड हातानंच सावरतो आणि 3 सांगून मोकळा होतो.

ती लपलेली मेहनत ईसीजीत दिसू शकते. आधी 5 मिनिटं शांत बसवून नोंद घ्या. इलेक्ट्रोड खांद्याच्या पट्ट्याखाली नकोत, घासून सिग्नल बिघडतो. रेडिओवर बोलताना श्वास बदलतो, तशी ठोक्यांमधली अंतरंही. ते तुकडे वगळा. उतरताना नाडी चांगल्या विमानातही चढते, म्हणून तुलना त्याच वैमानिकाच्या, त्याच कामाच्या दुसऱ्या विमानातल्या नोंदीशीच करा.