विखुरलेल्या ई-पुस्तकांसाठी कॅलिबर: शोध उत्तम, बॅकअप मात्र आपणच घ्यायचा

संगणकावर ई-पुस्तके साठवणाऱ्या वाचकाला कॅलिबरचे नाव कुणी ना कुणी सुचवतेच, आणि सुचवणारा बहुधा त्यातील रूपांतराच्या सोयीबद्दल, म्हणजे मोबीचे ईपब किंवा ईपबचे मोबी (हे ई-पुस्तकांच्या फाईलींचे दोन प्रकार) करण्याबद्दल बोलत असतो. माझ्या मते या प्रोग्रॅमचे खरे मोल दुसरीकडे आहे. संगणकाच्या कानाकोपऱ्यांत पडलेली पुस्तके तो एका ठिकाणी आणतो आणि त्यांच्या नोंदी अशा रीतीने ठेवतो, की उद्या हा प्रोग्रॅम बंद पडला तरी पुस्तके आणि नोंदी दोन्ही आपल्या हाताशी राहतील. बॅकअप मात्र तो आपणहून घेत नाही. तो घेतो असा समज पुष्कळांचा असतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

कोविद गोयल यांनी २००६ साली या प्रोग्रॅमची सुरुवात केली आणि २००८ पासून तो कॅलिबर या नावाने ओळखला जातो. तो विनामूल्य आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांचा आधार काढून घेतला आहे, त्यामुळे घरातल्या फार जुन्या संगणकावर नवी आवृत्ती बसणार नाही. नव्या आवृत्त्या सारख्या येत असतात आणि दर वेळी संपूर्ण फाईल उतरवून पुन्हा इन्स्टॉल करावी लागते. मी यांपैकी बहुतेक आवृत्त्या सरळ सोडून देते आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही.

ज्या संग्रहावर मी कॅलिबर वापरले तो ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांचा आहे. ते निवृत्त शिक्षक आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पीडीएफ पुस्तके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले ग्रंथ, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि काही इंग्रजी ईपब असा तो ऐवज डाउनलोड्स, डेस्कटॉप, दोन पेन ड्राइव्ह आणि ‘वाचायचे’, ‘वाचायचे नवीन’, ‘नवीन फोल्डर (२)’ अशा नावांच्या फोल्डरांत पसरलेला होता. त्यांची अपेक्षा एकाच वाक्यात मावणारी होती: “अगं, पुस्तक मागितलं की सापडलं पाहिजे, ते कुठल्या फोल्डरात आहे याच्याशी मला काय करायचंय?”

फाईली मुळात कुठे कुठे आहेत हे पाहण्यासाठी कॅलिबर वापरू नये. त्यासाठी व्हॉइडटूल्सचे ‘एव्हरीथिंग’ हे छोटे विनामूल्य साधन अधिक चांगले, कारण ते डिस्कवरील फाईलींच्या नावांची यादी थेट फाईल सिस्टीमकडून घेते आणि तारांकन, टिंब व ईपब (*.epub) एवढे टाइप करताच साऱ्या ईपब फाईली त्यांच्या पत्त्यांसह समोर मांडते. हाच शोध मोबी, एझेडडब्ल्यू३ आणि पीडीएफ या प्रकारांसाठी एकेकदा घेतला की संग्रहाचा अंदाज येतो. या शोधात एसीएसएम अशी अक्षरे शेवटी असलेल्या काही किलोबाइटच्या फाईली दिसल्या, तर त्यांना पुस्तक समजू नये. ती केवळ पुस्तक उतरवून घेण्याची चिठ्ठी असते. खरे पुस्तक ‘ॲडोबी डिजिटल एडिशन्स’ हा ई-पुस्तके वाचण्याचा प्रोग्रॅम उतरवतो आणि विंडोजवर ते डॉक्युमेंट्समधील ‘माय डिजिटल एडिशन्स’ या फोल्डरात ठेवतो.

त्यानंतर कॅलिबरला एकेक फोल्डर दाखवून त्यातील उपफोल्डरांसह सर्व पुस्तके आत घ्यायला सांगता येते. हे काम ते झपाट्याने करते, परंतु पीडीएफ म्हटले की त्याला सगळेच पुस्तक वाटते. पहिल्या फेरीनंतर सासऱ्यांच्या ग्रंथसूचीत विजेची बिले, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या आणि पेन्शनचा एक अर्ज मानाने विराजमान झालेला होता. फाईलीच्या नावावरून अशा गोष्टी वगळण्याचे नियम सेटिंगमध्ये घालता येतात. ते आधी घालावेत. शिवाय कॅलिबर मूळ फाईल हलवत नाही, तिची नवी प्रत आपल्या संग्रहात करते, त्यामुळे काही काळ दुप्पट जागा लागते. मूळ फाईली घाईने पुसू नयेत.

मराठी पुस्तकांची खरी कटकट नोंदींमध्ये आहे. कॅलिबर शीर्षक आणि लेखक फाईलीच्या पोटातून वाचते, आणि मराठी पीडीएफच्या पोटात अनेकदा पुस्तकाऐवजी डीटीपी करणाऱ्याचे नाव आणि ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ने सुरू होणारे एखादे अर्धवट शीर्षक असते. यावर उपाय असा, की पुस्तके आत घेण्याच्या सेटिंगमध्ये माहिती फाईलीच्या नावावरून वाचण्याचा पर्याय निवडावा आणि फाईलींना आधीच ‘शीर्षक, आडवी रेघ, लेखक’ अशा क्रमाने नावे द्यावीत. नेटवरून नोंदी भरून घेण्याची सोय इंग्रजी पुस्तकांना छान लागू पडते, मराठी पुस्तकांना क्वचितच. लेखकांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. आद्याक्षरे टिंब देऊन, टिंबानंतर जागा सोडून, जागा न सोडता, संपूर्ण नाव लिहून आणि रोमन लिपीत अशा पाच तऱ्हांनी लिहिलेला एकच लेखक कॅलिबरच्या दृष्टीने पाच माणसे असतो. लेखकांची यादी उघडून नावे एकसारखी केली की ती एकत्र येतात, पण हे काम माणसालाच करावे लागते. आमच्याकडे ते सासऱ्यांनी दुपारच्या चहानंतर बसून, शिक्षकाला शोभेल अशा काटेकोरपणे केले. एकाच फाईलीच्या अनेक प्रती शोधण्यासाठी ‘फाइंड डुप्लिकेट्स’ हे प्लगइन, म्हणजे कॅलिबरला जोडायचे पूरक साधन, घ्यावे, कारण ते शीर्षकावर न थांबता दोन फाईली आतून तंतोतंत सारख्या आहेत का हेही तपासते.

सहाव्या आवृत्तीत आलेला संपूर्ण मजकुरातील शोध ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय आहे. एखादा शब्द दिला की तो कोणकोणत्या पुस्तकांत आला आहे हे ओळींसह दिसते. मात्र त्याची मर्यादा मराठी वाचकाला लगेच जाणवेल. स्कॅन केलेल्या पुस्तकाचे पान म्हणजे नुसते चित्र असते, त्यात शोधण्याजोगा मजकूरच नसतो. आणि युनिकोड (सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धती) रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसत असली, तरी आतून ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. अशी पुस्तके शीर्षकावरूनच शोधावी लागतात. हा दोष कॅलिबरचा नव्हे. त्याच कारणाने मराठी पीडीएफचे ईपबमध्ये रूपांतर करण्याच्या भरीस पडू नये. जोडाक्षरे आणि परिच्छेद दोन्ही मोडतात.

आता संग्रहाच्या रचनेकडे वळते. कॅलिबर लेखकाच्या नावाचा एक फोल्डर करते, त्यात प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र फोल्डर आणि त्यात पुस्तकाची फाईल, मुखपृष्ठाचे चित्र आणि ‘मेटाडेटा’ नावाची एक ओपीएफ फाईल ठेवते, जिच्यात त्या पुस्तकाची सारी नोंद साध्या मजकुराच्या रूपात असते. सर्व पुस्तकांची एकत्रित नोंद संग्रहाच्या मुख्य फोल्डरातील डेटाबेसमध्ये असते, आणि तो बिघडला तर या सुट्या ओपीएफ फाईलींवरून तो पुन्हा उभा करण्याची आज्ञा मेनूतच दिलेली आहे. इतकी शहाणी रचना पैसे घेणाऱ्या प्रोग्रॅमांतही सहसा आढळत नाही. तिला एक गालबोट आहे: फोल्डर आणि फाईलींची नावे देताना कॅलिबर देवनागरीचे रोमनीकरण करते, तेही ‘अ’ हा स्वर गाळून. ‘सहल’ या शीर्षकाच्या पुस्तकाच्या फोल्डरावर एस, एच, एल एवढी तीनच अक्षरे येतात. कॅलिबरच्या खिडकीत शीर्षक व्यवस्थित मराठीत दिसते, पण बाहेरून फोल्डर उघडणाऱ्याला काही उमगत नाही. पुस्तके बाहेर काढताना, म्हणजे ‘सेव्ह टू डिस्क’ करताना हे रोमनीकरण बंद ठेवता येते. मुख्य संग्रहासाठी मात्र सेटिंगमध्ये तसा पर्याय दिलेला नाही. इतक्या वर्षांत हे बदलायला हवे होते.

बॅकअपसाठी कोणतेही खास साधन लागत नाही. कॅलिबर पूर्ण बंद करावे आणि संग्रहाचा संपूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावा. पुस्तके आणि नोंदी दोन्ही त्यात आल्या. मजकूरशोधाची सूची त्याच फोल्डरात वेगळ्या डेटाबेसमध्ये असते आणि ती बरीच मोठी होते. ती वगळली तरी चालते, कारण ती पुन्हा तयार करता येते. सेटिंग आणि प्लगइनही हवे असतील, तर कॅलिबरमधील ‘एक्स्पोर्ट’ची आज्ञा सर्व काही एकत्र बांधून देते. संग्रह थेट क्लाउडच्या आपोआप जुळणी करणाऱ्या फोल्डरात ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, कारण कॅलिबर चालू असताना डेटाबेस अर्धवट चढला किंवा दोन संगणकांवरून एकाच वेळी बदलला, तर नोंदी बिघडू शकतात. प्रोग्रॅम बंद करून घेतलेली प्रत क्लाउडवर चढवायला काहीच हरकत नाही.

आमच्याकडे एक प्रत सासऱ्यांच्या संगणकावर, दुसरी घरातल्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी नेरूळला माझ्या नणंदेकडे असते. ही तिसरी डिस्क ट्रान्स-हार्बर लोकलने डब्याच्या पिशवीतून ये-जा करते. घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली तर घरातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात, म्हणून तिसरी प्रत घराबाहेर असण्याला माझ्या लेखी क्लाउडपेक्षाही अधिक महत्त्व आहे. नणंद डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडून, संग्रहाची एक प्रत त्यावर उतरवून ती कॅलिबरमध्ये उघडते आणि चारदोन पुस्तके चाळून पाहते. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये, हे संगणक दुरुस्त करणारा प्रत्येक जण सांगतो आणि ऐकत कुणीच नाही.

विकत घेतलेल्या पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. विंडोजवरील किंडलची पुस्तके डॉक्युमेंट्समधील ‘माय किंडल कंटेंट’ या फोल्डरात उतरतात, परंतु त्यांना बहुधा नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप असते, आणि कॅलिबर ते कुलूप काढत नाही. अशी फाईल जपून ठेवली तरी त्या खात्याबाहेर तिचा उपयोग नाही. संकेतस्थळावरून पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलवर नेण्याची सोयही ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून काढून घेतली. गूगल प्ले बुक्स प्रकाशकाने मुभा दिली असेल तर ईपब किंवा पीडीएफ उतरवू देते, तेव्हा तिथे घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाची फाईल मिळते का ते एकदा पाहावे. जे पुस्तक ॲपबाहेर येतच नाही, त्याची मी कॅलिबरमध्ये फाईलीविना रिकामी नोंद करते आणि टॅगमध्ये ॲपचे नाव लिहिते, म्हणजे शोधताना ते कुठे आहे हे तरी कळते. ही रिकाम्या नोंदीची सोय सासऱ्यांना इतकी पसंत पडली, की कपाटातल्या छापील पुस्तकांच्या नोंदीही त्यांनी तिथेच करायला घेतल्या आहेत, आणि टॅगमध्ये कपाटाच्या कप्प्याचा क्रमांक लिहितात.