माकडं पकडून नेणं की त्यांचं खाणं बंद करणं?

माकडं पकडून लांब सोडली की थोडे दिवस शांत वाटतं खरं, पण रिकाम्या जागेत दुसरी टोळी शिरते कारण खायला तर तसंच पडलेलं असतं, आणि पकडताना टोळी फुटते, पिल्लू एकीकडे आई दुसरीकडे, बघवत नाही हो ते.

दुसरा उपाय कंटाळवाणा आहे. डस्टबिनला घट्ट झाकण, खिडक्यांना जाळी आणि हाताने खायला घालणं पूर्ण बंद. एका घराने जरी बिस्किटं दिली तरी माकडं धीट होतात, मग हातात नुसती पिशवी दिसली की झडप घालतात. वेळ लागतो, सगळ्यांनी पाळावं लागतं, पण माझं मत यालाच. चावणाऱ्या एखाद्या माकडासाठी मात्र ट्रेनिंग घेतलेली माणसंच बोलवा, स्वतः काठी घेऊन जाऊ नका.