‘आय-७’ म्हणून गळ्यात पडलेले २०११ सालचे संगणक

ठाण्यात नौपाड्याला लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या डिझाइनचा माझा लहानसा व्यवसाय आहे. मी आणि एक मदतनीस, एवढाच पसारा. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती आणि तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांची घाई सुरू होते, म्हणून त्याआधीच वाशीच्या एका विक्रेत्याकडून ७२,००० रुपयांना तीन रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण दुरुस्त करून पुन्हा विकले जाणारे, संगणक घेतले. ‘आठव्या जनरेशनचे आय-७’, म्हणजे इंटेल कंपनीच्या आय-७ या प्रोसेसरच्या (संगणकाच्या मेंदूच्या) आठव्या पिढीचे, असे त्याने सांगितले होते आणि डब्यांवर तसे स्टिकरही होते.

मी अगदीच डोळे मिटून व्यवहार केला नव्हता. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, हे मला माहीत होते. त्यामुळे तिन्ही संगणकांवर विंडोज ११ चालताना पाहून माझी खात्री पटली. ही अट वगळून जुन्या यंत्रावरही विंडोज ११ बसवता येते, हे मात्र मला ठाऊक नव्हते, आणि माझ्या अर्धवट माहितीचाच विक्रेत्याला उपयोग झाला. त्यातच संगणक काही सेकंदांत सुरू होत होते. आज कळते की तो वेग एसएसडीचा, म्हणजे फायली साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हचा, होता. ती बसवली की जुना संगणकही झटपट सुरू होतो, पण प्रत्यक्ष कामात प्रोसेसर आणि रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) यांचीच कसोटी लागते.

दहा फुटी फ्लेक्सची फाइल उघडून त्यावर दोन-तीन इफेक्ट दिले की पडदा गोठून राही. आठवडाभर मी सॉफ्टवेअरलाच दोष देत राहिले. शेवटी ओळखीच्या तंत्रज्ञाने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्राममध्ये, पाहिले, तेव्हा प्रोसेसर आय-७ २६०० निघाला. तो जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला होता. चार आकड्यांतला पहिला आकडा जनरेशन सांगतो, म्हणजे हा दुसऱ्या जनरेशनचा. ८७०० असता तर आठव्याचा म्हणता आला असता. विंडोजमध्ये प्रोसेसरचे दिसणारे नाव बदलून ठेवता येते, म्हणून बायोसमध्येच पाहावे, असे त्याने बजावले. एका एसएसडीचा वापर तर ३१,००० तासांचा दिसला, म्हणजे अहोरात्र चालवली असती तरी साडेतीन वर्षांहून अधिक.

सर्वांत मोठी चूक बिलाची झाली. त्यावर ‘कॉम्प्युटर सेट, ३ नग’ एवढेच होते. प्रोसेसरचा क्रमांक नाही, सिरियल नंबर नाही. विक्रेत्याने ‘मी आठव्या जनरेशनचे म्हणालोच नाही’ असा पवित्रा घेतला आणि नंतर फोन उचलणे बंद केले. तुम्ही घेत असाल तर हे सारे बिलावर लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हमधून स्वतःची सर्वांत जड फाइल नेऊन ती विक्रेत्यासमोर उघडून, सेव्ह करून पाहा.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असा माझा समज होता. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. ‘आठव्या जनरेशनचे’ असे लिहिलेला विक्रेत्याचा व्हॉट्सॲप संदेश सुदैवाने माझ्याकडे शिल्लक होता, तो सोबत जोडला आहे. दोन संगणक सध्या बिले आणि पत्रव्यवहारापुरते वापरते. तिसरा तपासणीसाठी दाखवावा लागला तर हाताशी असावा, म्हणून त्याचा डबा न खोलता तसाच ठेवला आहे.