सात मिलिमीटरचे ड्रिल, बारा हजार आठशे रुपये आणि माझी अक्कल

भोसरीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात ३१ वर्षे इतरांच्या मालाची मापे काढून तो परत पाठवणाऱ्या माणसाला १२,८०० रुपयांना गंडवण्यात आले आणि तेही मापातच, हे लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाकडी पेन करणाऱ्या नवशिक्यांनाच मला गंडवणारा हा विक्रेता हेरतो.

समाजमाध्यमावर त्याचा व्हिडिओ पाहिला होता. शिसवीच्या ठोकळ्यात ड्रिल जाते, लगेच पितळी नळी त्या भोकात सरकन बसते आणि तांब्याची अंगठी घातलेला हात ठोकळा उलटा करून दाखवतो, तरी नळी पडत नाही. ड्रिल बाहेर येणे आणि नळी आत जाणे यांच्यामध्ये व्हिडिओ तोडलेला आहे, हे मला आज दिसते. ५० स्लिमलाइन किट (बारीक पेनाचे सुटे भाग; यातली पितळी नळी लाकडात बसवून वरचे लाकूड कातायचे) प्रत्येकी १६५ रुपयांनी ८,२५०, ‘खास मापाची’ ७ मिलिमीटरची दोन ड्रिल १,२८०, ठोकळ्याची टोके सपाट करण्याचा कटर १,१५० आणि कुरिअर ३२०, असे नेमके ११,००० रुपये मी यूपीआयने दोन हप्त्यांत पाठवले. बिल मागितले तेव्हा ‘पार्सलमध्ये टाकतो काका’ असे उत्तर आले. ते कधीच आले नाही. ज्याच्याकडे बिल नाही त्याला आगाऊ पैसे देऊ नका. आणि ‘काका’ म्हटल्यावर विरघळू तर मुळीच नका.

माल मात्र आला आणि सगळी मेख तिथेच आहे. पैसे घेऊन माणूस गायब झाला असता तर मी दुसऱ्याच दिवशी आरडाओरडा केला असता. येथे खोके हातात होते, किट चकचकीत होती, ड्रिलच्या दांड्यावर ‘७.०’ असे कोरलेले होते. पहिले भोक सागवानी तुकड्यात पाडले, नळी घातली, तर ती आत खुळखुळली. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना सांगायला नको की स्लिमलाइन पेनच्या टोकाशी नळीभोवती लाकडाची भिंत मिलिमीटरभरही उरत नाही. भोक सैल असेल तर गोंद भरून नळी चिकटते खरी, पण ती एका अंगाला सरकून चिकटते आणि कातताना त्या बाजूचे लाकूड कागदासारखे होऊन उडते. माझे १४ ठोकळे असेच गेले.

मी त्याला फोन केला. तो अतिशय आदराने बोलला. लाकूड ओले असेल, टेलस्टॉक (लेथचा ड्रिल धरणारा मागचा भाग) मध्यावर नसेल, ड्रिल घाईने दाबले जात असेल, भुसा काढायला ते मध्येमध्ये बाहेर घ्यावे लागते, अशी एकापेक्षा एक खरी कारणे त्याने सांगितली. होय, ही कारणे खरीच आहेत, म्हणून तर मी फसलो. तीन आठवडे मी टेलस्टॉकखाली पत्र्याच्या पट्ट्या घालत बसलो आणि स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो.

मग त्याने उपाय सुचवला: ‘काका, थोड्या जाड नळ्या आहेत माझ्याकडे, १०० नग १,८०० रुपयांना.’ या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते. भोक किती मोठे पडते ते मी त्याला सांगितलेच नव्हते! मला लागणारी जाडी त्याला आधीच कशी ठाऊक, हा प्रश्न कारखान्यात एखाद्या शिकाऊ मुलालाही पडला असता. मला पडला नाही. माझ्या बाजूने इतकेच म्हणतो की मे महिन्यातील वर्गमित्रांच्या मेळाव्यासाठी वीस पेने द्यायचे कबूल केले होते, आणि आपल्याच छंदाच्या माणसावर संशय घ्यायची सवय नव्हती. पैसे पाठवले.

त्या नळ्यांपैकी एक सीए ग्लू (क्षणात धरणारा गोंद) लावून आत ढकलली, तर ती अर्ध्यावर अडकली आणि मी ‘अरे’ म्हणेपर्यंत तिथेच पक्की झाली. तेव्हा कुठे कपाटातील व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, बाहेर निघाला. ड्रिल कापणाऱ्या टोकाशी ७.३८ भरले. जाड नळ्या ७.३२ पासून ७.४६ पर्यंत वाटेल त्या मापाच्या होत्या. भिंगाखाली पाहिले तर ‘७.०’ हा आकडा हाताने कोरलेला होता आणि जुन्या ड्रिलला नव्याने धार लावताना दोन्ही ओठ, म्हणजे टोकाच्या कापणाऱ्या कडा, लहानमोठे झाले होते. असे ओठ असले की ड्रिलचे माप बरोबर असूनही भोक मोठे पडते, हे विसरू नका. माप दांड्यावर नव्हे, टोकाशी घ्या. त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यात भोक पाडून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गोंद न लावता नळी घालून पाहा.

पोलीस चौकीत गेलो. ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?’ ०.३८ मिलिमीटर म्हणजे किती, हे दाखवायला मी ड्रिल आणि व्हर्नियर टेबलावर ठेवले, तर साहेबांनी त्यांच्यावरच रजिस्टर ठेवले. सायबर कक्षाने ग्राहक तक्रार करा म्हणून सांगितले. ग्राहकांच्या मदतवाहिनीने विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक मागितला. तो असता तर मला मदतवाहिनी कशाला लागली असती? तक्रारीला क्रमांक मिळाला आणि नऊ दिवसांनी ‘निकाली’ असा संदेश आला. काय निकाली निघाले, हे विचारायला लावलेला फोन बावीस मिनिटे संगीत ऐकवून बंद पडला. बँकेने तर ‘आपण स्वखुशीने पैसे पाठवले आहेत’ असे लेखी कळवले, जणू मी अहेर केला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, हे यांपैकी एकानेही सांगितले नाही. ते मी स्वतः वाचून काढले. त्यासाठी यूपीआयच्या पावत्या, संभाषणाची छायाचित्रे आणि ड्रिल जपून ठेवले आहे. तुम्हीही रागाच्या भरात काही फेकून देऊ नका.

माझा क्रमांक त्याने ब्लॉक केला आहे. परवा भाच्याच्या फोनवर तेच पान वेगळ्या नावाने दिसले. व्हिडिओ तोच, अंगठीचा हातही तोच. किटचा भाव मात्र १८५ झाला आहे.