कुऱ्हाडीचं नेढं: पट्टी दुमडायची की सुंब्याने पाडायचं?

घरच्या भट्टीवर पहिली कुऱ्हाड घडवायला निघालेल्याचं घोडं पात्यापाशी नाही, नेढ्यापाशी, म्हणजे दांडा घालायच्या भोकापाशी अडतं. वाटा दोन. एक, सपाट पट्टी मधोमध दुमडायची, वाकात दांड्यापुरती जागा ठेवून दोन्ही पदर भट्टीत सांधायचे आणि धारेला पोलादाचा तुकडा घालायचा. दुसरी, जाड चौरस तुकड्यात सुंब्याने, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी दांडक्याने, भोक पाडायचं आणि पुढचा भाग ठोकून पसरवायचा. मी दोन्ही केल्यात आणि दोन्ही कुऱ्हाडी वापरात आहेत, म्हणून सांगतोय.

दुमडण्याची रीत जुनी. 18व्या शतकात उत्तर अमेरिकेत मूलनिवासींशी व्यापारासाठी जे टोमाहॉक, म्हणजे हलक्या हातकुऱ्हाडी, घडवले जात, त्यांतले बरेच असेच: अंग साध्या लोखंडाचं आणि धारेपुरतं पोलाद, कारण पोलाद महाग. त्या लोखंडातली मळी, म्हणजे काचेसारखा मळ, वितळून सांधा धरायला मदत करायची. आजचं माइल्ड स्टील तितकं समजूतदार नाही. टाकणखार (बोरॅक्स) सढळ हाताने टाकावा लागतो आणि रंग पांढऱ्याकडे झुकेपर्यंत ताव द्यावा लागतो. पहिले घाव हलके, भराभर, नेढ्याकडून धारेकडे, म्हणजे वितळलेला खार आणि कीट पुढून बाहेर उडतं. (डोळ्यांना चष्मा हवाच.) जोड धरला की नाही हे तेव्हा कळत नाही, नंतर कानस फिरवताना बारीक काळी रेघ दिसली तर समजायचं. धारेला गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा घातला तर चिकटायला कुरकुरतो, जुन्या कानशीचा घातला तर ताव जरा चढताच ठिणग्या उडून जळतो. मला तरी कानसच बरी वाटते, नजर ठेवली की झालं.

सुंब्याच्या रीतीत ही भानगड नाही. एकच धातू, जोड नाही, रेघ नाही. ईएन-8 (मध्यम कार्बनचं पोलाद) चा 30 मिमी चौरस, 10 सेंटिमीटर लांब तुकडा म्हणजे साधारण 700 ग्रॅम, हातकुऱ्हाडीला पुष्कळ. ऐकायला हीच वाट सोपी, आणि नवख्याला बरेच जण हीच सुचवतात. त्यात चूक काही नाही.

माझं मन उडालं ते भोकावरून. एवढ्या जाडीतून जाईपर्यंत सुंबा स्वतःच लाल होतो, टोक फुगतं, आतच अडकतो. मग तो काढा, पाण्यात बुडवा, भोकात कोळशाची भुकटी टाका आणि पुन्हा सुरू. दोन्ही अंगांनी मारत मधे गाठ घालायची असते, आणि एखादं अंग किंचित कललं की भोक मोठं करताना तो कल वाढत जातो. एका बाजूची भिंत जाड, दुसरीची पातळ. कुऱ्हाड दांड्यावर बसवून, धार वर करून एका डोळ्याने बघा: धार एकीकडे, दांडा दुसरीकडे. घाव लाकडात सरळ बसत नाही, मनगटात पिळ बसतो. मग दांडा तिरका तासून वेळ मारून न्यायची, आणि प्रत्येक नव्या दांड्याला तेच.

रस्त्याकडेला पाल टाकलेल्या घिसाड्यांचं काम पाहिलंत तर गोम लक्षात येते. नवरा सांडशीने माल सांभाळतो, बायको घण घालते. मी भट्टीवर एकटा. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा. सुंबा कोण धरणार? पट्टी मात्र गजाभोवती वळवलेली असल्यामुळे नेढं आपसूक मधोमध येतं, तेही एकट्याच्या हातोड्यावर. फसलेला सांधा परत ताव देऊन बहुतेकदा वाचतो. कललेलं भोक माझ्या हातून तरी कधी सुधारलेलं नाही.

पाणी देण्यात, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून धार कडक करण्यात, फार फरक नाही. दुमडलेलीचं अंग मऊच राहतं, ईएन-8 ची मात्र धारच तेवढी बुडवायची. मी दोन्हीला तेल वापरतो, मग परत हलकं तापवतो आणि धारेवर तपकिरी-जांभळा रंग चढला की थांबतो.

नेढं कोणत्याही रीतीने करा, वरून किंचित रुंद ठेवा. टोमाहॉकला आणि आपल्या कुदळीला दांडा वरूनच घालतात. घाव घालू तसं डोकं घट्ट बसत जातं आणि पाचर लागत नाही. दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम.

हाताशी घण मारणारा भरवशाचा जोडीदार असेल तर सुंब्याची वाट जरूर धरा, माझं ऐकू नका. एकटे असाल आणि सांध्याची धास्तीच वाटत असेल, तर भंगारातून जुना बॉलपीन (एक तोंड सपाट, दुसरं गोल असलेला) हातोडा आणा. नेढं तयारच असतं. गोल तोंड ठोकून पातं काढलं की छोटा टोमाहॉक होतो.